३१ मेपर्यंत घर रिकामं करायचंय आणि डोकं आत्ताच रिकामं झालंय

तुळसवाली | ६ मे, रात्री १२:१०

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज झोप येत नाही म्हणून लिहितेय.

आमची मुलुंड पूर्वेची बिल्डिंग १९७८ची. तीन मजले, लिफ्ट नाही. अखेर पुनर्विकासाला गेली. आनंदच आहे, कारण पावसाळ्यात बाथरूमला छत्री घेऊन जायची वेळ आली होती. ३१ मेपर्यंत जागा खाली करून द्यायचीय. भाड्याची जागा जवळच मिळाली, पण एक खोली कमी. जानेवारीत नवऱ्याच्या कंपनीने त्यांचा अख्खा विभाग बंद केला, तेव्हापासून तो घरी आहे. मार्चमध्ये मला बँकेत बढती मिळाली आणि तिच्यासोबत नवी शाखा, जायला दीड तास. मुलाची दहावी झाली, आता निकाल आणि अकरावीची ऑनलाइन भानगड. सासूबाई ७९ वर्षांच्या.

एकेक वेगळं काढून बघितलं तर रडण्यासारखं काहीच नाही. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. पण रोज पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. परवा कोथिंबीर निवडलेली नव्हती म्हणून मुलावर असा आवाज चढवला की खालच्या काकू वर आल्या. काल लॉकरची किल्ली फ्रीजमध्ये सापडली, लोण्याच्या डब्याशेजारी.

असं सगळं एकदम अंगावर आलं तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत? कृपया प्राणायाम सांगू नका. करते. श्वास सोडताना पॅकिंगची यादी आठवते.

गच्चीवरचा | ६ मे, सकाळी ६:५२

अनुलोम-विलोम करून बघा. मला फार फरक पडला.

मीठमिरची | ६ मे, सकाळी ७:३०

पूर्वी इथे धागा वाचून मग प्रतिसाद द्यायची पद्धत होती.

गच्चीवरचा | ६ मे, सकाळी ७:४१

शेवटचा परिच्छेद राहिला वाचायचा, माफी असावी :) लोण्याच्या डब्याशीच थांबलो होतो.

आकडेमोड | ६ मे, सकाळी ९:१५

ताई, एक गंमत सांगतो. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येक घटनेला गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, स्वतःचं लग्न ५०, निवृत्ती ४५. वर्षभरात तुमच्या वाट्याला काय काय आलं त्याची बेरीज करायची.

तुमची केली. आर्थिक स्थितीतला बदल ३८, कामाची जबाबदारी बदलली २९, जोडीदाराचं काम थांबलं २६, शाळा संपली (तुमची नाही, पण आपल्याकडे दहावी आईचीच असते) २६, राहणीमानातला बदल २५, घर बदललं २०, झोपेच्या सवयी बदलल्या १६. एकूण १८०. दीडशेच्या वर गेलं की आजारी पडायची शक्यता वाढते, तीनशेच्या वर फारच, असा त्यांचा ठोकताळा.

यात बढतीसुद्धा मोजली आहे, हे बघा. चांगलं झालं की वाईट हे ते विचारतच नाहीत. घडी मोडली, की गुण लागले.

काडीपेटी | ६ मे, सकाळी ९:४०

ख्रिसमसला किती?

आकडेमोड | ६ मे, सकाळी ९:४४

१२. खरंच आहे यादीत.

काडीपेटी | ६ मे, सकाळी ९:४६

मग दीड दिवसाच्या गणपतीला, घरी २२ माणसं आणि एक संडास, या हिशोबाने ८० तरी हवेत.

साधी_भाजी | ६ मे, दुपारी १:२०

या यादीवर माझा राग आहे. कॉलेजात अभ्यासाला होती. १८० म्हणजे नक्की काय करायचं? एकीचं घर बदलतं आणि ती नाचत जाते, दुसरीचं बदलतं आणि ती तीन महिने रडते. दोघींना २०. शिवाय एकत्र कुटुंबात जगणाऱ्या बाईसाठी ती केलेलीच नाही. 'सासूबाई जुनं काही टाकू देत नाहीत' याला त्यात रकाना कुठाय?

तुळसवाली | ६ मे, दुपारी १:३८

@साधी_भाजी, तुम्हाला कसं कळलं?! चिनी मातीच्या १४ बरण्या. लोणचं फक्त तिनात आहे.

रिकामा_फ्लॅट | ६ मे, दुपारी ३:०५

मन वगैरे नंतर. आधी हे सांगा: प्रत्येक सभासदाचा पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत झालाय का? भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक हातात आलेत का? सोसायटीच्या नावावर बँक गॅरंटी आहे का? प्रकल्प महारेरावर दिसतो का? पालिकेची आयओडी, म्हणजे बांधकामाची पहिली परवानगी, आली का? आमच्याकडे यातलं अर्धं तोंडी होतं. अडीच वर्षांचं काम सहावर गेलं आणि मधले चौदा महिने भाडं बंद. वडील भाड्याच्या घरातच गेले.

मीठमिरची | ६ मे, दुपारी ३:२२

रिकामा_फ्लॅट, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आधीच साडेतीनला जागी होणाऱ्या बाईला तुम्ही आता अडीचला उठवणार.

रिकामा_फ्लॅट | ६ मे, दुपारी ३:५०

उठू दे की. मी उलट म्हणतो. रात्रीची भीती धूसर असते म्हणून ती मोठी दिसते. कागद वाचला की तिला आकार येतो. मी तेव्हा वाचला नाही, सेक्रेटरीवर सोडलं, आणि सहा वर्षं रोज 'काय होईल' करत बसलो. ताई बँकेत आहेत, एका रविवारी करार ओळ न् ओळ वाचून काढतील.

तुळसवाली | ६ मे, रात्री १०:१५

करार झालाय, आयओडी आहे, पहिल्या वर्षाचे चेक आलेत. बँक गॅरंटीचं बघितलेलं नाही. उद्या विचारते. (हे लिहिताना जरा बरं वाटलं, कबूल.)

गिरणगावचा | ७ मे, सकाळी ८:१०

माझे वडील लालबागला गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर आले. महिन्यादोनमहिन्यांत मिटेल म्हणत होते सगळे. आमच्या घरात तो कधी मिटलाच नाही. आईने खाणावळ चालू केली, आठ डबे, मग वीस. वडील आधी गावी जाऊन आले, तिथे भावाच्या जमिनीवर किती दिवस राहणार, परत आले आणि दादर मार्केटातून भाजी आणून विकायला बसले. तणाव हा शब्द आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. करत राहायचं, बस. हल्ली जरा काही झालं की लोक समुपदेशकाकडे धावतात.

झुळूक | ७ मे, सकाळी ९:०२

दादा, तुमच्या आईवडिलांबद्दल आदर आहे. पण मीही त्याच भागातली, काळाचौकीची. शब्द ठाऊक नव्हता म्हणजे ती गोष्ट नव्हती असं नाही. आमच्या चाळीत तिचं नाव गुत्ता होतं. माझे मामा '८३मध्ये प्यायला लागले ते '९१ला संपले. मामी कुणाला काही बोलली नाही, म्हणून सगळे म्हणायचे, 'काय धीराची बाई.' तिला त्या धीराने रक्तदाब दिला.

गिरणगावचा | ७ मे, सकाळी ११:४५

@झुळूक, खरं आहे. सकाळी लिहिलं त्यात एक सोडलं होतं. वडील भाजी विकायला बसले ते वर्षभराने. ते वर्ष ते गॅलरीत बसून होते. मी सात वर्षांचा. आईने सांगितलं होतं, बाबांना हाक मारायची नाही.

त्यांना उठवलं ते मजल्यावरच्या भजनी मंडळाने. गुरुवारी पखवाज वाजवणारा गावी गेला होता, म्हणून यांना जबरदस्तीने बसवलं. वाजवता येत नव्हता फारसा. पण आठवड्यातून एक दिवस तरी कुणाचं तरी यांच्यावाचून अडत होतं.

झुळूक | ७ मे, सकाळी ११:५८

_/\_

पन्नाशीतला | ७ मे, दुपारी २:३०

तुळसवाली, तुमच्या यजमानांच्या जागी मी चार वर्षांपूर्वी होतो. ५१व्या वर्षी. त्यांच्या बाजूने थोडं सांगतो.

पहिले दोन महिने मी रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात जायचो. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. बायको संध्याकाळी विचारायची, 'काही झालं का?' प्रेमानेच विचारायची. पण त्या तीन शब्दांची धास्ती दुपारी चारपासून लागायची. शेवटी आम्ही ठरवलं की नोकरीबद्दल फक्त रविवारी सकाळी, चहाबरोबर, बोलायचं. आठवडाभर तो विषय नाही. त्याने घर पुन्हा घरासारखं झालं.

दुसरं, त्यांना 'मदत' करायला सांगू नका. अख्खं काम सोपवा. पॅकिंग म्हणजे पॅकिंग, टेम्पो ठरवण्यापासून गॅसच्या पत्त्यापर्यंत. आणि मग ते चुकीचं करतील, तेव्हा गप्प राहा.

मीठमिरची | ७ मे, दुपारी २:४८

शेवटचं वाक्य मानवी क्षमतेबाहेरचं आहे.

एडिसनकर | ७ मे, रात्री ९:२०

न्यू जर्सीतून. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. इथे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर ६० दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही आणि दुसरी काही सोयही झाली नाही, तर गाशा गुंडाळा. मुलगी पाचवीत, घराचा करार आणखी आठ महिन्यांचा, बायकोचा व्हिसा माझ्यावर अवलंबून. फ्रीजवर कॅलेंडर लावून रोज एक फुली मारायचो. बायकोने विसाव्या दिवशी ते काढून फेकलं.

उपयोग झाला तो असा: संध्याकाळी सात ते सव्वासात ही काळजीची वेळ ठरवली. वहीत सगळं लिहायचं, परत जावं लागलं तर मुलीची शाळा कोणती इथपासून गाडी कुणाला विकू इथपर्यंत. दिवसा मनात आलं की म्हणायचं, सातला. वेडेपणा वाटतो. पण एकदा ठरलं की मन ऐकतं, निदान निम्म्या वेळा. माझ्या समुपदेशकाने सांगितलेलं तंत्र आहे, नवीन नाही.

४९व्या दिवशी मिळाली नोकरी. पगार कमी. आता ठीक.

काडीपेटी | ७ मे, रात्री ९:३५

आमच्याकडे सात ते सव्वासात आईची मालिका असते. काळजीची वेळ तीच, फक्त दुसऱ्यांच्या सुनेची.

लातूरकर | ८ मे, सकाळी ७:००

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. त्या पहाटेचं इथं लिहीत नाही.

सांगायचंय ते नंतरचं. सरकारनं, संस्थांनी नवी गावं वसवली. सरळ रस्ते, ओळीनं घरं, भूकंपाला टिकणारी. जुन्या गावात दगडमातीच्या जाड भिंती अन् वर माळवद, म्हणजे मातीचं जड छत, तेच लोकांच्या अंगावर पडलं. त्यामुळं नवं घर चांगलंच होतं, तक्रार नाही. पण घर किती मोठं ते जमिनीवर ठरलं. जास्त जमीनवाले एका बाजूला, कमीवाले दुसरीकडं. आमची गल्ली अशी फुटली. माझी आजी वर्षानुवर्षं ज्या चार बायकांसंगं दळत-कांडत आली, त्या चार दिशांना गेल्या. आजी नव्या घरात राहायलाच तयार नव्हती. छताखाली झोप येत नाही म्हणायची, अंगणात पत्र्याखाली झोपायची. आम्हाला वाटलं भूकंपाची भीती. भीती होतीच. पण एक दिवस म्हणाली, 'इथं खोकले तर कुणाला ऐकू जात नाही.'

मग वडील रोज दुपारी तिला सायकलवर बसवून त्यातल्या एकीकडं सोडायचे. नंतर ती आपली आपण चालत जायला लागली.

ताई, तुमच्या सासूबाईंच्या बरण्या राहू द्या. बिल्डिंगीतल्या त्यांच्या जोडीदारणी कुठं कुठं चालल्यात त्याची यादी करा आधी.

साधी_भाजी | ८ मे, सकाळी ७:४०

खोकल्याचं वाक्य दिवसभर डोक्यात राहणार आता.

तुळसवाली | ८ मे, सकाळी ८:०५

लोकलमध्ये वाचतेय, डोळ्यांतलं पाणी शेजारची बघतेय. सासूबाईंची मैत्रीण म्हणजे त्या खालच्याच काकू, ज्या कोथिंबिरीच्या दिवशी वर आल्या. त्या डोंबिवलीला लेकीकडे चालल्यात. मी हे लक्षातच घेतलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई | ८ मे, दुपारी ४:१०

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे एरवी फक्त पाककृतींवर लिहिते. तुळसवाली, दोन प्रश्न. वय किती? आणि पहाटे जाग येते तेव्हा घाम येतो का, पंखा चालू असताना?

तुळसवाली | ८ मे, दुपारी ४:५२

४७. आणि हो! येतो! मला वाटलं उकाडा.

डॉक्टरीणबाई | ८ मे, रात्री ८:३०

मे महिना आहे, उकाडा असू शकतो. पण आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या आसपास थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं झोप मोडणं, घाम, विसरायला होणं, क्षुल्लक गोष्टीवर भडका उडणं हे सगळं येतं. बायका ते घरातल्या ताणावर घालतात. घरचे स्वभावावर घालतात. दोन्ही असू शकतं, तुमच्याकडे ताण तर खराच आहे. पण एकदा दाखवून घ्या, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. इथे वाचून निदान करू नका, माझ्या सांगण्यावरूनही नाही.

तोवर एवढंच: जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर पलंगावर तळमळत पडू नका. उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ आणि मोबाईल बघू नका. दुपारी तीननंतर चहा नको.

आणि सगळ्यांसाठी: दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.

मीठमिरची | ८ मे, रात्री ८:४४

दुपारी तीननंतर चहा नको?? या धाग्यावरचा सगळ्यात मोठा जीवनबदल.

गच्चीवरचा | ८ मे, रात्री ९:०१

आणि कंटाळवाणं काहीतरी म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेची इतिवृत्तं वाचा. मी १२ वर्षं सेक्रेटरी आहे, हवी असतील तर पाठवतो.

तुळसवाली | १० मे, पहाटे ३:५५

डॉक्टरीणबाई, उठून स्वयंपाकघरात बसलेय. मोबाईल बघू नका म्हणालात, हे शेवटचं.

एक गोष्ट लिहिते, जी घरी कुणाला बोलले नाही. वर मी लिहिलं की बढती मिळाली. ती मिळायला अकरा वर्षं लागली. दोनदा मुलाखतीत नाव मागे पडलं होतं. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी घरी आले, नवरा खिडकीपाशी बसला होता, आणि मी पत्र पर्समध्येच ठेवलं. चार दिवसांनी भाजी चिरताना सांगितलं, 'माझी बदली झालीय, जरा लांब आहे.' बढती हा शब्दच वापरला नाही. सासूबाई म्हणाल्या, 'अरेरे.' पेढे वाटले नाहीत. देवापुढेसुद्धा ठेवले नाहीत.

१८० गुणांच्या यादीत हे कुठे बसतं माहीत नाही. पण सामान बांधताना रडू येतं ते घरासाठी येत नाही असं आता वाटतंय.

झुळूक | १० मे, सकाळी ६:१५

अगं.

पन्नाशीतला | १० मे, सकाळी ७:५०

ताई, हे त्यांना सांगा. मी त्या खिडकीपाशी बसलेलो आहे, म्हणून सांगतो. बायकोने माझ्यासाठी आपला आनंद लपवला हे मला नंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. नोकरी गेली त्याहून ते जास्त लागलं. म्हणजे माझी कीव इतकी यायला लागली होती तर.

साधी_भाजी | १० मे, सकाळी ८:३०

मला पटत नाही. प्रत्येक वेळी बाईनेच ओळखायचं, लपवायचं आणि मग लपवलं म्हणून माफीही मागायची? पत्र पर्समध्ये होतं, पण पगाराचा आकडा घरी आला असेल ना? कुणी विचारलं?

पन्नाशीतला | १० मे, सकाळी ८:५५

माफी मागायला नाही म्हटलं. पेढे आणायला म्हटलं.

काडीपेटी | १० मे, सकाळी ९:१०

धाग्याच्या वतीने अभिनंदन, मॅनेजरबाई! आमचं कर्ज अडकलंय, शाखा सांगा.

आकडेमोड | १० मे, सकाळी ९:१२

अभिनंदन. यादीत 'विशेष वैयक्तिक यश' नावाचा रकाना आहे, २८ गुण. मी धरला नव्हता. आता २०८.

तुळसवाली | १९ मे, रात्री ११:००

थोडक्यात लिहिते, सगळीकडे खोकी आहेत.

बँक गॅरंटी आहे, कागद बघितला. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पाळीचं पुढच्या महिन्यात पुन्हा बघू म्हणाल्या. साडेतीनची जाग अजून आहे, पण आता रोज नाही. मुलाला ८७ टक्के पडले.

पॅकिंग अख्खं नवऱ्यावर सोपवलं. त्याने स्वयंपाकघर सगळ्यात आधी बांधलं. बारा दिवस राहिलेत आणि पोळपाट-लाटणं खोक्यात. मी गप्प राहिले (@मीठमिरची, नोंद घ्या), तीन दिवस पाव खाल्ला, मग त्यानेच खोकं फोडलं.

मुलाच्या निकालाचे पेढे आणायला निघाले आणि दुकानात अर्ध्या किलोऐवजी एक किलो सांगितले. घरी येऊन म्हटलं, यातले अर्धे माझे. पत्र काढून दाखवलं. नवरा बराच वेळ ते वाचत होता, जेमतेम पाच ओळींचं आहे. मग म्हणाला, तारीख मार्चची आहे. मी हो म्हटलं. त्याने दोन पेढे खाल्ले आणि टेम्पोवाल्याला फोन करायला गॅलरीत गेला. अजून काही बोललेला नाही. आज सकाळी माझा डबा त्याने भरला होता, भेंडीत मीठ नव्हतं.

सासूबाईंना आणि काकूंना नवरा गुरुवारी डोंबिवलीला घेऊन जाणार आहे, घर बघायला. लोकलने नको म्हणाल्या दोघी, रिक्षाने म्हणे, रस्त्यात गप्पा होतात.

बरण्या अकरा उरल्यात. तीन काकूंना दिल्या. त्यांच्यात लोणचं होतं त्याच तीन.

लातूरकर | २० मे, सकाळी ६:४०

झकास.

मीठमिरची | २० मे, सकाळी ८:००

अभिनंदन दोघांचंही. बरण्या केवढ्या आहेत? पाच किलोची असली तर एक मी घेते, ठाण्यातच आहे.

रिकामा_फ्लॅट | २० मे, सकाळी ८:२०

दुसऱ्या वर्षाचे चेक कधी मिळणार ते लेखी घेतलंत का?